मदत हवी आहे: मोतीबिंदूनंतर ठासणीच्या बंदुकीची माशी दिसत नाही, आयडाहोत १एक्स स्कोपचा परवाना मिळेल का?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेतल्या आयडाहोत बॉइझीजवळ राहतो आणि ठासणीच्या बंदुकीने म्यूल डिअर जातीच्या हरणांच्या शिकारीला जातो. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून चित्र वेगळं आहे याची कल्पना आहे. इथे परवाना, टॅग आणि ठरलेला हंगाम असतो. धागा त्या वादात जाऊ नये ही विनंती.)

यंदा दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. लांबचं दिसेल अशी भिंगं बसवून घेतली. आता समोरच्या उतारावरचं हरीण लख्ख दिसतं, पण नळीच्या टोकावरची माशी (नेम धरायची पुढची खूण) धूसर आणि मागची खाच तर नुसता डाग. माझी भिंगं एकाच अंतराची आहेत, ती जवळ-लांब जुळवून घेत नाहीत.

इथल्या नियमानुसार फक्त ठासणीच्या बंदुकांसाठी राखलेल्या हंगामात उघडी माशी-खाच किंवा पीप साइट (बारीक छिद्रातून नेम धरायची) एवढंच चालतं. स्कोप (नेमाची दुर्बीण) नाही, इलेक्ट्रॉनिक साइट नाही, म्हणजे रेड डॉटही बाद. बंदुकीची दारू सुटी भुकटीच हवी, बार चकमकीने किंवा केपाने (घोड्याच्या आघाताने पेटणारी छोटी टोपी) उडायला हवा, केपाचा काही भाग बाहेर दिसायला हवा. हे नियम मला मनापासून पटतात. पल्ला कमी राहिला तरच वेगळ्या हंगामाला अर्थ आहे.

पण याच नियमात एक अपवाद आहे. दृष्टीचं अपंगत्व असलेल्या शिकाऱ्याला अर्ज करून मोठं न दाखवणारा (१एक्स) स्कोप वापरता येतो. त्याने हरीण जवळ येत नाही, फक्त स्कोपमधली नेमाची फुली आणि सावज एकाच अंतरावर दिसतात. मला नेमकं तेवढंच हवं आहे.

अडचण अशी की तक्त्यावरची अक्षरं मी नीट वाचतो. ज्यांचा मॅक्युला (डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग) खराब झाला आहे, त्यांच्यासाठी ही सवलत असेल तर तिच्यात घुसायची माझी इच्छा नाही. म्हणून विचारतो: मोतीबिंदूनंतर असा परवाना कुणाला मिळाला आहे का? फिश अँड गेमने (इथलं शिकार खातं) डॉक्टरांकडून काय लिहून मागितलं? ऑप्टोमेट्रिस्टची सही चालली, की नेत्रशल्यचिकित्सकाचीच लागली? आणि १एक्स स्कोपची फुली बॅटरीवर उजळणारी असेल, तर ती इलेक्ट्रॉनिक धरतात का?

परवाना नाहीच मिळाला तर दुसरे उपाय काय? पीप साइट लावून पाहिली. बारीक छिद्रातून पाहिलं की जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होतं, दुपारी तर उत्तम. पण बार टाकायची मुभा सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, आणि हरणं बाहेर पडतात ती नेमकी त्या दोन टोकांना. तेव्हा छिद्रात काळोख. छिद्र मोठं केलं की फायदा जातो. नेमबाज मंडळी लांबच्या नंबरात +०.५० मिळवून चष्मा करतात असं वाचलं; त्याने नजर साधारण दोन मीटरवर स्थिरावते, म्हणजे माशी थोडी सुधारते आणि लांबचं थोडं बिघडतं. शिकारीत, थंडीत, काच धुरकट होत असताना हे कुणी वापरलं आहे का?

'रायफलच्या हंगामात जा, तिथे स्कोप चालतो' हा सल्ला येईल. मला हरणाच्या जवळ जाऊन एकच बार टाकायचा असतो, आणि म्हणूनच तो चुकून चालत नाही. दुसरा बार ठासेपर्यंत जखमी जनावर सेजब्रशच्या झुडपांमध्ये दिसेनासं होतं. माशी स्पष्ट दिसल्याशिवाय मी चाप ओढणार नाही.

कोलोरॅडोतही ठासणीच्या हंगामात स्कोपला बंदी आहे. तिथे कुणी सवलतीसाठी अर्ज केला असेल तर तोही अनुभव लिहा. डोळ्यांचे डॉक्टर इथे असतील तर एक सांगा: जवळचं जुळवून न घेणारी नजर प्रमाणपत्रात कोणत्या शब्दांत मांडतात? पुढच्या तपासणीला जाताना तेवढं हातात हवं आहे.