शिकता शिकता कमावलेला पैसा : गावाकडचे अनुभव लिहा

बारावीनंतर मी यवतमाळला बी.एस्सी.ला गेले. खोलीभाडं, मेस आणि एसटीचा पास यातच घरून आलेले पैसे संपायचे. सोयाबीन विकायचं बाकी असताना बाबांना आणखी मागायला जीभ रेटायची नाही. पुण्या-मुंबईच्या पोरांसाठी दिलेले सल्ले आमच्या तालुक्यात चालत नाहीत, तिथं ना कॅफे ना डिलिव्हरी. म्हणून हा धागा. कॉलेज करताना गावाकडं तुम्ही काय काम केलं, किती मिळाले आणि अभ्यासाचं काय झालं, ते लिहा. आकडे खरे लिहा, मागून येणाऱ्या पोरांना तेच कामाचे.

माझ्यापासून सुरुवात करते. दिवाळीच्या सुट्टीत मी कापूस वेचला, तोही दुसऱ्याच्या वावरात. वेचलेला कापूस ठेवायला आईनं कमरेला ओटी बांधून दिली तेव्हा मान वर होत नव्हती. पहिल्या दिवशी 18 किलो झाला, माझ्या शेजारच्या ओळीला असलेल्या काकूचा तेवढ्याच वेळात 40. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा फाटतात, रात्री जेवताना तिखट झोंबतं. "पोरी, पानपत्ती नोको येऊ देऊ, भाव पडते," काकू सारखी सांगायची. पानपत्ती म्हणजे कापसात येणारा वाळलेल्या पानांचा कचरा. किलोला 10 रुपये होते. 12 दिवसांत 300 किलो, म्हणजे 3000 रुपये. परीक्षेची फी त्यातूनच भरली.

कुरखेड्याकडून

आमच्याकडं मे महिना तेंदूपत्त्याचा, म्हणजे बिडीच्या पानांचा. घरचे सगळे पहाटे जंगलात जातात, दुपारी पुडके बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पत्ता गोळा करायच्या जागेवर आणतात. 70 पानांचं एक पुडकं, 1000 पुडक्यांची एक प्रमाण गोणी. आमची ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकते, त्यामुळं हिशेब लिहायला गावातलाच माणूस लागतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना ते काम मला मिळालं. पुडके उन्हात ओळीनं मांडायचे, मोजायचे, प्रत्येकाच्या कार्डावर आणि वहीत चढवायचे.

एकदा एका आजीच्या पुडक्यांत पानं कमी निघाली. सगळ्यांसमोर बोललो असतो तर ती रडली असती. बाजूला बसवून तिच्यासोबत पुन्हा बांधली, आणि मगच वहीत लिहिली. त्या 15 दिवसांत माझे 6000 झाले. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वहीच्या पंधरा-पंधरा पानांचा हिशेब जुळवायला शिकलो. पुढं बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करताना आकड्यांची भीती वाटली नाही. एक सांगतो, विद्यापीठाचे पेपर कधी कधी मेमध्येच येतात. वेळापत्रक बघूनच हो म्हणा.

वरुडहून

संत्र्याचं पॅकिंग. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली, संत्री निघाली की दिवाळीच्या पुढं-मागं काम असतं. साइज लावायचा, डागी फळ बाजूला काढायचं, कॅरेट भरायचे. रात्रपाळी केली तर सकाळच्या लेक्चरला डोळे उघडत नाहीत. माझी एका सेमिस्टरची हजेरी अशीच गेली, नंतर फक्त शनिवार-रविवार जायचो.

मेहकर तालुक्यातून

जुलैमध्ये पीक विम्याचे अर्ज. 2023 ला 1 रुपयात विमा होता तेव्हा गावातल्या सेवा केंद्रावर मी महिनाभर बसलो. दिवसा सर्व्हर चालत नसे, म्हणून रात्री 11 नंतर भरायचो. सातबारा, बँक पासबुक आणि पेरणीचं घोषणापत्र नीट लावलं नाही तर अर्ज परत येतो आणि शेतकरी आपल्याच दारात उभा राहतो. केंद्रवाल्याशी पैशाचं आधी बोललो नव्हतो. शेवटी त्यानं हातावर 2000 ठेवले, मी 4000 धरून चाललो होतो. दुसऱ्या वर्षी दर अर्जाचे किती ते पहिल्याच दिवशी वहीत लिहून घेतलं.

याच ओळखीवर ई-पीक पाहणी आली, म्हणजे शेतातलं पीक मोबाइलवरून सातबाऱ्यावर नोंदवायचं काम. फोटो शेतातच उभं राहून काढावा लागतो, आणि म्हाताऱ्या माणसांकडं तसा फोन नसतो. आता गावोगाव त्यासाठी सहायक नेमतात, तलाठ्याकडं चौकशी करा.

दर्यापूरहून

माझा अनुभव वाईट आहे, तरी लिहिते. "घरबसल्या टायपिंग, महिना 15 हजार" असा मेसेज आला. नोंदणीचे म्हणून 1500 रुपये मागितले. मी आईच्या बचत गटातून घेऊन भरले. 40 पानं टाइप करून पाठवली, तर चुका निघाल्या म्हणून उलट दंड मागायला लागले, कोर्टाची धमकी दिली. आठ दिवस मला झोप नव्हती. शेवटी कॉलेजच्या मॅडमना सांगितलं. त्यांनी 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला लावला. पैसे आले नाहीत, पण धमक्या थांबल्या. काम देणारा आधी आपल्याकडूनच पैसे मागत असेल, तर तिथंच फोन ठेवा.

नंतर त्याच मॅडमनी कमवा आणि शिका योजनेत नाव घातलं. ग्रंथालयात रोज 2 तास, पुस्तकांना क्रमांक लावायचे. पैसे थोडे आणि उशिरा मिळाले, पण मिळाले. पहिले आले तेव्हा आईच्या गटाचा हप्ता भरला. अध्यक्षबाईंनी वहीत माझ्याच हातानं ती रक्कम लिहायला लावली.