मदत हवी आहे: इंग्रजी येतं, पण गोऱ्या सहकाऱ्यांच्या बोलण्यातली मेख कळत नाही

नमस्कार मंडळी,

शिक्षण मराठी माध्यमात, राहायला मुलुंड, नोकरी ऐरोलीला. टीममधले काही जण मँचेस्टरचे, काही शिकागोचे. मेल, रिपोर्ट, प्रेझेंटेशन सगळं निभावतं. गाडी अडते ती कॉलच्या आधीच्या आणि नंतरच्या गप्पांत.

गेल्या आठवड्यात मँचेस्टरचे साहेब एका मुद्द्यावर म्हणाले, 'लेट्स टेबल इट.' शिकागोची बाई 'शुअर' म्हणाली आणि सरळ पुढच्या मुद्द्यावर गेली. साहेब गप्प! मागाहून शोधलं तर ब्रिटनमध्ये टेबल करणं म्हणजे विषय चर्चेला घेणं, अमेरिकेत तूर्त बाजूला ठेवणं. त्यांचंच आपसात जमत नाही, तिथे आमचा काय पाड. (जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.)

दुसरं जास्त अवघड आहे. एका ब्रिटिश सहकाऱ्याने वडिलांच्या आजारपणाबद्दल लिहिलं, 'वी वेअर नॉक्ड फॉर सिक्स.' आपण शिवाजी पार्कवाले, सिक्स म्हटलं की टाळ्या. पण इथे बोलणारा बॅट्समन नाही, सीमेपार भिरकावलेला चेंडू आहे. जबर धक्का बसला, असा अर्थ. तो कळला, पण उत्तरात काय लिहायचं ते सुचेना. अजून मेल ड्राफ्टमध्येच आहे.

यूट्यूबवरच्या वाक्प्रचारांच्या याद्या पाठ आहेत. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' मात्र अजून एकाच्याही तोंडून ऐकलं नाही, जुलैत खिडकीबाहेरचा पाऊस दाखवूनसुद्धा.

तर, अशा वेळी काय लिहितात? 'हाउ आर यू'ला किती खरं उत्तर द्यायचं? 'क्वाइट गुड' म्हणाले तर खूश व्हायचं का? आणि ठाणे-ऐरोली लोकलमध्ये कानात घालून ऐकता येईल असं काही सुचवा. क्लासची नावं नकोत.

प्रतिसाद (गोरेगावकर)

काही वर्षं लीड्सला होतो, त्यावरून सांगतो.

आधी तो मेल पाठवा. 'आय ॲम सो सॉरी टू हिअर दिस. थिंकिंग ऑफ यू अँड युअर फॅमिली.' एवढं पुरे. कुठलं हॉस्पिटल, डॉक्टर कोण, नक्की काय निघालं, हे विचारू नका. आपल्याकडे न विचारणं म्हणजे परकेपणा, तिकडे विचारणं म्हणजे आगाऊपणा. ते स्वतःहून बोलले तर ऐकायचं.

'हाउ आर यू'ला 'गुड, थँक्स, अँड यू?' म्हणून मोकळं व्हा, ॲसिडिटी सांगत बसू नका. ब्रिटिश माणसाचं 'नॉट बॅड' हे बऱ्यापैकी कौतुक असतं, पण 'क्वाइट गुड' पुष्कळदा 'ठीक आहे' इतकंच. अमेरिकन 'क्वाइट गुड' म्हणाला तर खुशाल पेढे वाटा. 'विथ रिस्पेक्ट'ने वाक्य सुरू झालं की पुढे विरोध आलाच.

ऐकायला बीबीसी लर्निंग इंग्लिशचं 'द इंग्लिश वी स्पीक'. भाग छोटे असतात, एका फेरीत दोन-तीन सहज होतात. केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोशही बघा, वाक्प्रचार ब्रिटिश की अमेरिकन याची खूण तिथे असते.

प्रतिसाद (चहाबाज)

शिकागोसाठी बेसबॉल. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा, 'टच बेस' म्हणजे जरा बोलून घेऊ. 'रेन चेक' म्हणजे आत्ता नको, पुन्हा कधीतरी. पावसाने सामना रद्द झाला की पुन्हा येण्यासाठी तिकीट देत, त्यावरून आलंय. कोणी रेन चेक घेतला तर लगेच 'मग कधी?' म्हणून मागे लागू नका.

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंग, त्या आठवड्यात अमेरिकेकडून कामाची आशा सोडा. ब्रिटनला तेव्हा सुट्टी नसते, त्यांचा २६ डिसेंबरचा बॉक्सिंग डे असतो.

धागाकर्ती

दोघांचेही आभार, मेल गेला. एक राहिलंच. साहेबांनी सोमवारी सकाळी 'हाफ सेव्हन'ला कॉल ठेवलाय. साडेसहा की साडेसात?

गोरेगावकर

साडेसात, त्यांचे. सध्या उन्हाळी वेळ चालू आहे, म्हणजे आपले दुपारचे बारा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे गेली की तोच कॉल एक वाजता. डबा त्या हिशेबाने उघडा.