मदत हवी आहे: नंबरच्या सायकलिंग गॉगलमधून रस्त्याच्या कडा वाकड्या दिसतात, ठेवू की परत करू?

वळणवाट
जाणकारांनी जरा लवकर सांगा, गॉगल परत करायची मुदत संपत आली आहे. सायकलसाठी नंबरचा गॉगल करून घेतला. चेहऱ्याला लपेटून बसणारी गोल फ्रेम आहे, वारा अजिबात आत येत नाही. पण तो घालून निघाले की थोड्याच वेळात डोकं जड होतं आणि रस्त्याच्या कडा वाकड्या दिसतात. उतारावर तर भीतीच वाटते. दुकानदार म्हणतो, सवय होईल. नंबर बरोबर आहे, दोनदा तपासून घेतलाय. घरच्या चष्म्यातून सगळं लख्ख दिसतं. हाच ठेवू की दुसरं काही घेऊ? पोलराइज्ड (चकाकी कापणारा) घ्यावा की उन्हात रंग बदलणारा, तेही सांगा. आणि कृपया "चष्मेवाल्याला विचारा" एवढंच सांगू नका, तिथूनच आलेय.

मंदगती
नंबर किती? सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेतला जादा नंबर, आहे का? वय? रोडबाइक चालवता की सरळ बसायची सायकल? यातलं काहीच लिहिलेलं नाही, कसं सांगणार?

निळी चाकं
कॉन्टॅक्ट लेन्स लावा आणि बिननंबरचा कुठलाही चांगला गॉगल घ्या. मी हेच करतो. रोज वापरून टाकून द्यायच्या लेन्स घ्यायच्या, म्हणजे साफसफाईची भानगड नाही. कडेचं सगळं स्वच्छ दिसतं, काचा हव्या तशा बदलता येतात. नंबरच्या गॉगलच्या फंदात पडूच नका.

वळणवाट
कॉन्टॅक्ट लेन्स नको. माझे डोळे कोरडे पडतात, वाऱ्यात तर फारच चुरचुरतात. आणि नंबराचा इथे काय संबंध? नंबर बरोबर आहे असं लिहिलंय ना वर.

भिंगकाम
नंबराचाच संबंध आहे. भिंगं बनवण्याच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम करतोय, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. तुमचा नंबर माहीत नाही, पण वर्णनावरून मायनस चारच्या पुढचा असावा.

डोळे तपासताना चाचणीचं भिंग डोळ्यासमोर सरळ असतं. नेहमीचा चष्माही जवळपास सपाटच असतो, त्यामुळे कागदावरचा नंबर त्यात तसाच्या तसा घातला तरी चालतं. गोल गॉगलमध्ये भिंग कानाकडे वळलेलं असतं आणि डोळा मात्र समोर बघतो. म्हणजे नजर भिंगातून तिरकी जाते. उदाहरणार्थ, मायनस साडेपाचचं भिंग २० अंश वळवलं तर ते डोळ्याला साधारण ५.७० चं लागतं आणि वर सुमारे पाऊण नंबरचा सिलिंडर आपोआप तयार होतो. तुमचा मूळचा सिलिंडर कुठल्या अॅक्सिसवर (किती अंशांच्या दिशेने) आहे त्यावर हा नवा त्यात भर घालतो की त्यातून वजा होतो, ते ठरतं. डोकं जड होणारच.

शिवाय भिंगाच्या मध्यापासून १ सेंटिमीटर बाजूला बघितलं की साडेपाच नंबराला साडेपाच प्रिझम लागतो, म्हणजे दिसणारं चित्र जागेवरून सरकतं. नेहमीच्या चष्म्यातही हे होतं, पण त्याची डोळ्यांना सवय झालेली असते. गोल भिंग मोठं असतं आणि आपण त्याच्या पार टोकापर्यंत बघतो, म्हणून कडा वाकतात.

यावर उपाय आहे. फ्रेमचा वळणकोन, भिंगाचा खालीवर झुकाव आणि डोळ्यापासूनचं अंतर मोजून लॅब नंबरात भरपाई करते. तशी भरपाई केली असेल तर भिंगाच्या पाकिटावर दोन नंबर छापलेले असतात, एक तुमच्या कागदावरचा आणि एक प्रत्यक्ष भिंगातला. पाकीट बघा आणि सांगा.

तीन गियर
एवढं सगळं करण्यापेक्षा लेझर करून टाका. माझं झालंय, आता कुठलाही गॉगल घालतो.

मंदगती
@तीन गियर, त्यांनी ऑपरेशनबद्दल विचारलेलं नाही. डोळे कोरडे पडतात असं त्या वर लिहीतच आहेत, आणि कोरडे डोळे असतील तर लेझरआधी डॉक्टर दहा वेळा विचार करतात. ऑपरेशननंतर कोरडेपणा वाढूही शकतो. असा सल्ला सहज देऊ नका.

तीन गियर
मी माझा अनुभव सांगितला. आधी तपासण्या होतातच.

वळणवाट
पाकिटावर एकच नंबर आहे. उजवा मायनस ५.५०, डावा मायनस ५.२५, दोन्हींना सिलिंडर ०.७५. वय ४६. रोडबाइक. दुकानदार म्हणतो की भरपाई वगैरे काही नसतं, नंबर तो नंबर. मग मी कोणाचं ऐकू?

भिंगकाम
माझं ऐकू नका, स्वतः करून बघा. एक डोळा झाका आणि लांबच्या एखाद्या पाटीकडे बघा. आता गॉगल हाताने धरून हळूच फिरवा, म्हणजे उघड्या डोळ्यासमोरचं भिंग सपाट, अगदी समोरासमोर येईल. दुसरी काडी कानापासून सुटेल, सुटू द्या. अक्षरं एकदम स्पष्ट झाली तर दोष तिरकेपणाचा. तशीच अंधुक राहिली तर नंबर किंवा मध्यबिंदूचं माप चुकलंय. मग घरच्या चष्म्यातून आणि गॉगलमधून दाराची चौकट बघा, मान न हलवता फक्त डोळे बाजूला न्या, आणि चौकट कुठे वाकायला लागते त्याची तुलना करा.

डबल चेन
मी वेगळं सांगतो. गोल फ्रेममध्ये थेट नंबर घालणं हे जास्त नंबरवाल्यांसाठी नाहीच. इन्सर्ट घ्या. बाहेर बिननंबरची मोठी काच, आत नाकाजवळ अडकवायची छोटी नंबरची फ्रेम. छोटी भिंगं बरीच सपाट असतात, त्यामुळे कडा वाकत नाहीत. नंबर बदलला तर फक्त आतलं भिंग बदलायचं. बाहेरची काच सकाळी फिकी, दुपारी गडद. रुडी प्रोजेक्टसारख्या कंपन्या इन्सर्टही विकतात. माझं सगळं सायकलिंग इन्सर्टवर चालतं.

अनुस्वार
इन्सर्टची दुसरी बाजूही सांगा की. पापण्या भिंगाला घासतात. चढावर वेग कमी झाला की आत वाफ धरते आणि पुसायला दोनाऐवजी चार पृष्ठभाग. घामाचा थेंब कपाळावरून नेमका आतल्या भिंगावर पडतो, वाळला की खारट पांढरा डाग तसाच राहतो आणि मग उरलेला सगळा रस्ता त्या डागातून बघायचा. मी वापरून सोडून दिलं.

डबल चेन
तुमची फ्रेम चेहऱ्याला बसत नसणार. नाकाची रबरं वाकवून इन्सर्ट थोडं पुढे आणता येतं. हेल्मेटच्या आत कपाळपट्टी घातली तर घाम खाली येत नाही.

अनुस्वार
रबरं वाकवली, पट्टीही घातली. लांब पापण्यांना इन्सर्ट त्रास देतं, त्याला फ्रेम काय करणार?

मंदगती
दोघांचंही खरं असू शकतं. मला एक राहून राहून वाटतं: रोडबाइकवर वाकून बसलं की आपण भिंगाच्या मधून बघतच नाही, वरच्या भागातून बघतो. दुकानात मात्र ताठ उभं करून माप घेतात. भिंगाचा मध्य खाली राहतो आणि सायकलवर सगळा वेळ नजर मध्याच्या वरून जाते. त्यात फ्रेमची वरची दांडी जाड असेल तर ती नेमकी रस्त्याच्या मधोमध आडवी येते. मापाला जाल तेव्हा हेल्मेट घेऊन जा, सायकलवर बसल्यासारखं वाका आणि त्या स्थितीत बुबुळाची खूण करून घ्या.

निळी चाकं
म्हणूनच म्हणतो, कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याबरोबर फिरते, मध्य चुकायचा प्रश्नच येत नाही. कोरड्या डोळ्यांसाठी थेंब मिळतात.

वळणवाट
थेंब घालून झालेत. नको म्हणजे नको.
@भिंगकाम, केलं. भिंग सपाट धरलं की पाटी चक्क स्पष्ट झाली! सोडलं की परत सावली आल्यासारखी अक्षरं. दुकानदाराला हेच करून दाखवलं, त्याने परत घ्यायचं कबूल केलं. आता सांगा, पुढे काय? तोच गोल गॉगल भरपाई करून घेऊ की इन्सर्ट? आणि पोलराइज्डचं कोणीच बोललं नाही.

कडेकडेने
पोलराइज्डच घ्या. समोरच्या गाडीच्या काचेवरची आणि ओल्या रस्त्यावरची चकाकी नाहीशी होते, डोळे निवतात. एकदा वापरल्यावर दुसरं काही नको वाटतं.

अनुस्वार
ओल्या रस्त्याची चकाकी नाहीशी होते हीच तर अडचण. डांबरावर सांडलेलं तेल, पाण्याचं डबकं, हे मला चकाकीवरूनच लांबून कळतं. शिवाय हँडलवरच्या, वेग-अंतर दाखवणाऱ्या सायकल कॉम्प्युटरची स्क्रीन काही कोनांतून काळी दिसते. मान थोडी तिरकी केली की आकडे परत येतात, पण उतारावर कोण मान तिरकी करणार?

कडेकडेने
माझ्या स्क्रीनला काही होत नाही.

भिंगकाम
स्क्रीनच्या आतही पोलरायझर (एकाच दिशेतला प्रकाश जाऊ देणारा थर) असतो, त्याची दिशा भिंगाच्या दिशेला आडवी आली की स्क्रीन काळवंडते. काही स्क्रीनना होतं, काहींना नाही. घेण्याआधी आपला कॉम्प्युटर दुकानात नेऊन बघा. गाड्यांच्या टफन काचांवर ठिपक्यांची नक्षीही दिसते, काहींना तीही खुपते.

रंग बदलणाऱ्या भिंगाला अतिनील किरण लागतात. मोटारीत समोरची काच ते अडवते म्हणून तिथे ते नीट गडद होत नाही. सायकलवर ती अडचण नाही. पण दोन गोष्टी. कडक उन्हाळ्यात ते हवं तेवढं गडद होत नाही, थंडीत जास्त होतं. आणि गडद व्हायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा फिकं व्हायला बराच जास्त लागतो, मिनिटं जातात. भर उन्हातून बोगद्यात किंवा दाट झाडीत शिरलात तर पहिले काही क्षण अंधारातच काढावे लागतील.

गडदपणाचे ० ते ४ असे वर्ग असतात. ३ मधून ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो, भर दुपारी तोच पुरे. ४ रस्त्यावर वापरूच नका. पहाटे निघून उन्हात परत येत असाल तर १ ते ३ असं बदलणारं भिंग चांगलं.

रानपाखरू
माझा एक उपाय: लेन्स कधीही कोरड्या टीशर्टने पुसू नका. आधी वाहत्या पाण्याखाली धरा, धूळ आणि मीठ निघून जाऊ दे, मग साध्या साबणाचा एक थेंब बोटाने फिरवा आणि मऊ फडक्याने टिपा. माझा जुना गॉगल अजून नव्यासारखा आहे. आणि गॉगलच्या काडीला लावायचा छोटा आरसा मिळतो, मागची गाडी दिसते. फार उपयोगी.

मंदगती
आरशासाठी वेगळा धागा काढा, इथे अवांतर होतंय. पण पुसायचं बरोबर सांगितलंत.

जुना रस्ता
काचेचीच भिंगं घ्या. ओरखडे पडत नाहीत, प्लॅस्टिक दोन वर्षांत खराब होतं.

भिंगकाम
सायकलवर काच कधीही नको! पडलात किंवा खडा उडून लागला तर तिचे तुकडे थेट डोळ्यात जातील. पॉलीकार्बोनेट नाहीतर ट्रायव्हेक्स, ही सहज न फुटणारी प्लॅस्टिकं घ्या. पॉलीकार्बोनेटचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याची क्षमता) १.५९ च्या आसपास, त्यामुळे कड पातळ राहते, पण भिंगाच्या टोकाला उजेड-सावलीच्या सीमेवर रंगीत झालर दिसू शकते. ट्रायव्हेक्सचा १.५३, कड थोडी जाड, पण टोकालाही चित्र जास्त स्वच्छ. साडेपाचला मी पॉलीकार्बोनेट सुचवेन. अतिनील किरण ते मुळातच अडवतं. आणि भिंगाच्या आतल्या बाजूला चकाकीविरोधी थर जरूर मागा. गडद भिंगात मागून येणारं ऊन आतल्या बाजूवर परावर्तित होतं आणि आपल्याच डोळ्याचं प्रतिबिंब समोर दिसत राहतं.

@वळणवाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: तीच फ्रेम नको. तिचा बाक (वळणाचा आकडा, जितका मोठा तितकी फ्रेम जास्त गोल) ८ चा असणार. साडेपाचला भरपाई करूनही त्यात कड जाड होते, गालाला लागते आणि टोकाची वक्रता पूर्ण जात नाही. भरपाई समोरच्या नजरेपुरती नीट काम करते. ६ बाकाची, जरा लहान भिंगाची फ्रेम बघा. वारा थोडा येईल, पण वाफही कमी धरेल. त्यात भरपाई करून घ्या. ते जमलं नाही तरच इन्सर्ट.

डबल चेन
मी अजूनही इन्सर्टच म्हणेन. वर्षभरात नंबर बदलला तर पूर्ण गॉगल नवा करायचा का?

भिंगकाम
४६ व्या वर्षी लांबचा नंबर सहसा स्थिर असतो. जवळचा बदलत राहतो. त्यावरून आठवलं: ताई, चाळिशी लागलीय का? सायकल कॉम्प्युटर वाचता येतो?

वळणवाट
लागलीय. घरी प्रोग्रेसिव्ह (एकाच भिंगात वर लांबचा, खाली जवळचा नंबर) वापरते. गॉगलमधून कॉम्प्युटरचे बारीक आकडे दिसत नाहीत. हाही गॉगल प्रोग्रेसिव्ह करू का?

मंदगती
अरे, हे आता सांगताय!

भिंगकाम
करू नका. गोल फ्रेममध्ये प्रोग्रेसिव्हचा स्वच्छ पट्टा अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंचा अंधुक भाग वाढतो. मागून गाडी येतेय का हे खांद्यावरून बघताना नेमकी त्याच भागातून नजर जाते. शिवाय खालचा जवळचा भाग पुढच्या चाकासमोरचा खड्डा धूसर करतो. फक्त लांबचा नंबर घाला. हँडलवरची स्क्रीन डोळ्यापासून हातभर लांब असते, पुस्तकाएवढी जवळ नसते. एका पानावर तीनच आकडे ठेवा, ते मोठे होतील. तरी अडलं तर भिंगाच्या खालच्या कोपऱ्यात पाण्याने चिकटणारा वाचनाचा छोटा मऊ तुकडा मिळतो. एकाच डोळ्याला लावा, आवडला नाही तर काढता येतो.

वळणवाट
गॉगल परत केला. दुसऱ्या ठिकाणी गेले, हेल्मेट घेऊन. त्यांनी कोनमापक लावून फ्रेमचा वळणकोन मोजला, वाकायला सांगून बुबुळाची खूण केली. तेव्हा मध्य बराच वर सरकला. ६ बाकाची फ्रेम, पॉलीकार्बोनेट, १ ते ३ रंग बदलणारं, आतून चकाकीविरोधी थर, फक्त लांबचा नंबर. पोलराइज्ड नाही घेतलं, माझी स्क्रीन खरंच काळी होत होती. भिंगं यायची आहेत. पाकिटावर दोन नंबर आले तरच घेईन असं सांगून ठेवलंय. सगळ्यांचे आभार, भिंगकाम यांचे विशेष.

कडेकडेने
पोलराइज्ड एकदा वापरून तरी बघायचं होतं.

सावकाश
माझा प्लस ३ आहे, मलाही गोल फ्रेम नकोच का?

भिंगकाम
प्लस भिंगाचा पुढचा बाक मुळातच जास्त असतो आणि कड पातळ असते, म्हणून ८ बाकाची फ्रेम तुम्हाला मायनसवाल्यांपेक्षा सोपी जाते. मध्यभागी जाडी येईल, त्यामुळे भिंग पापणीला लागतं का ते घालून बघा. तिरकेपणाची भरपाई मात्र प्लसलाही लागतेच. सिलिंडर आहे का तुम्हाला?