रेड डॉटचा ठिपका स्वल्पविरामासारखा दिसतोय, रिव्ह्यूवाले मात्र सगळे 'एकदम क्रिस्प' म्हणतात

नवा_नेमबाज:
नमस्कार मंडळी. नऊ एमएमचं कॉम्पॅक्ट पिस्तूल आहे, आयर्न साइट्सवर (पिस्तुलावरच्या नेहमीच्या माशी-खाचेवर) हात बऱ्यापैकी बसलाय, आता रेड डॉट (काचेत नेमाचा ठिपका दाखवणारी साइट) बसवायचा विचार आहे. रेंजवर एकाचा बघितला, ओपन इमिटरवाला (ठिपका पाडणारा दिवा उघडा असलेला), ३ एमओए (ठिपक्याच्या आकाराचं कोनी माप), पण ठिपका काही गोल दिसेना, खाली शेपूट फुटलेलं. ज्याचा होता तो म्हणतो अरे मस्त दिसतोय की. त्यात रिव्ह्यूचे व्हिडिओ बघून डोकं भणभणलंय, एक जण गोळ्यांची पेटीच्या पेटी संपवतो आणि म्हणतो काही झालं नाही, दुसरा डॉट काँक्रीटवर आपटतो. मला रोज कमरेला लावायचंय हो, आपटायचं नाहीये. तुम्ही रिव्ह्यूत नेमकं काय बघता? क्लोज्ड इमिटर (दिवा काचांच्या आत बंद) घ्यावा का? आणि होल्स्टर नवं लागेल ना?

भिंगबहाद्दर:
आधी डोळ्याचं बघा. पिस्तूल रिकामं करा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा, मग डॉट चालू करून काचेतून मोबाइलने ठिपक्याचा फोटो काढा. फोटोत गोल आला आणि तुम्हाला शेपूट दिसतंय तर डॉट ठणठणीत आहे, तुम्हाला अॅस्टिग्मॅटिझम आहे, म्हणजे चष्म्यातला तो सिलिंडरचा नंबर. अजून खात्री हवी तर तेच रिकामं पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून हळूच आडवं करा, शेपूट पिस्तुलाबरोबर फिरलं नाही, आहे त्याच दिशेला राहिलं तर दोष डोळ्याचाच. म्हणूनच 'क्रिस्प' या शब्दाला मी रिव्ह्यूत काडीची किंमत देत नाही, तो त्या माणसाच्या डोळ्याचा रिपोर्ट असतो.
उपाय म्हणजे ब्राइटनेस उतरवा, निम्मं शेपूट तिथेच जातं. काहींना हिरवा ठिपका बरा दिसतो, सगळ्यांना नाही. रायफलवर असतं तर सरळ प्रिझम साइट घ्या म्हणालो असतो, त्यात रेटिकल, म्हणजे नेमाची खूण, काचेवर कोरलेलं असतं आणि आयपीस फिरवून आपल्या नजरेला जुळवता येतं.
आणि ३ की ६ एमओए यात अडकू नका. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण २.९ सेंमी, म्हणजे २५ मीटरवर ३ चा ठिपका २ सेंमीच्या जरा वर झाकतो आणि ६ चा साडेचारच्या आत. बाळगायच्या पिस्तुलाला दोन्ही चालतात, मोठा पटकन सापडतो एवढंच.

काडतूस_काका:
आपटाआपटीचे व्हिडिओ करमणूक म्हणून बघावेत. एक नग आपटला, तो वाचला, त्यावरून तुमच्या नगाचं काय कळणार? मी रिव्ह्यूत कंटाळवाण्या गोष्टी शोधतो आणि त्याच कोणी सांगत नाही. बॅटरी बदलायला डॉट उतरवावा लागतो का? ट्रिजिकॉनच्या मूळ आरएमआरमध्ये बॅटरी खालून आहे, म्हणजे स्क्रू काढा, परत बसवा, झिरो (ठिपका आणि गोळीची जुळणी) परत तपासा. होलोसन ५०७सी मध्ये बाजूने ट्रे निघतो, डॉट जागचा हलत नाही. ५०,००० तास वगैरे आकडा दिसला की तो कुठल्या सेटिंगवरचा ते बघायचं, फुल ब्राइटनेसवर तेवढा कधीच निघत नाही.
आणि स्क्रू! डॉट सैल झाला की लोक डॉटला शिव्या घालतात. तेल पुसून, थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावून, कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच आवळा आणि स्क्रूच्या डोक्यावरून बॉडीवर रंगाची एक रेघ मारून ठेवा, स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते. लांबीपण बघा, ग्लॉकच्या एमओएस स्लाइडवर (डॉट बसवायची सोय असलेल्या वरच्या सरकत्या भागावर) एका बाजूचा स्क्रू लांब पडला तर खाली एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी पुंगळी ओढणाऱ्या आकड्याच्या) प्लंजरला टेकतो आणि मग पुंगळी नीट निघत नाही, माणूस बिचारा काडतुसं बदलत बसतो. फूटप्रिंट (डॉटच्या तळाचा आकार आणि स्क्रूच्या जागा) जुळतो का हेही घ्यायच्या आधी बघा, नाहीतर अॅडॉप्टर प्लेट आली म्हणजे अजून दोन-चार स्क्रू आले.

कमरपट्टा:
सगळे काचेवरच बोलताय. रोज बाळगणाऱ्याने अर्धं लक्ष होल्स्टरवर द्यावं. वरून डॉटसाठी कट असलेलं कायडेक्स (कडक प्लास्टिक), ट्रिगर गार्ड पूर्ण झाकलेलं, पिस्तूल काढल्यावर तोंड उघडंच राहणारं. मऊ नायलॉनचं 'सगळ्यात बसतं' वालं घेऊ नका, त्याचं तोंड मिटतं आणि परत घालताना कापड किंवा शर्टचं टोक ट्रिगरपाशी जातं. चामडं चांगलंच असतं पण जुनं होऊन काठ आत वळायला लागला की टाकून द्या, जीव अडकवू नका. पँटच्या आतल्या बाजूला लावणार असाल तर क्लॉ (होल्स्टरवरचा छोटा उंचवटा) असलेलं बघा, तो पट्ट्याला रेटतो आणि ग्रिप अंगाकडे वळते, शर्टाखाली उठून दिसत नाही. पट्टा कडक हवा. आणि होल्स्टरमध्ये परत घालताना घाई कसली, बघून घाला, कोणी घड्याळ लावलेलं नाहीये.
इमिटरचं म्हणाल तर अंगालगत बाळगलं की कपड्याचा भुगा आणि घाम हमखास. ओपनमध्ये इमिटरवर एक थेंब किंवा धागा बसला की ठिपका फुटतो नाहीतर गायबच. माझं मत क्लोज्डला.

ढगफुटी:
+१ पण इतकंही सरसकट नको. क्लोज्डची खिडकी छोटी वाटते, डॉट जाड असतो आणि बाहेरच्या काचेवर पाणी बसायचं ते बसतंच. रिव्ह्यू जुना की नवा तेही बघा, एमपॉइंटचा अॅक्रो पी-१ सीआर १२२५ वर चालायचा आणि बॅटरीवरून त्याने भरपूर बोलणी खाल्ली, पी-२ ला सीआर २०३२ आली आणि ती तक्रार मिटली, तरी पी-१ चे रिव्ह्यू वाचून लोक अजून पी-२ ला नावं ठेवतात. ओपनवाल्याने रोज ब्लोअरने फुंकर मारली तरी भागतं, फक्त तो रोज मारतो का हा प्रश्न.

नवा_नेमबाज:
फोटो काढला, ठिपका अगदी गोल 😅 म्हणजे डोळाच. ब्राइटनेस उतरवल्यावर खरंच बराच सुधारला. क्लोज्डकडे कल झालाय. एकच, पिस्तूल वर आणलं की ठिपका पटकन सापडतच नाही, खिडकीत शोधत बसावं लागतं, हे साइटमुळे का?

भिंगबहाद्दर:
नाही, पिस्तुलाचं नाक (नळीचं टोक) वर राहतंय. आयर्नवर पुढची साइट शोधायची सवय असते म्हणून होतं. नजर टार्गेटवरच ठेवा, ठिपक्यावर नको. रिकाम्या पिस्तुलाने, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, डोळे मिटून वर आणा आणि मग उघडा, ठिपका दिसला नाही तर मनगट किंचित खाली. आणि डोळ्यांच्या डॉक्टरला हाताच्या अंतराबद्दल नाही, लांबच्या टार्गेटबद्दल सांगा, नंबर त्या हिशोबाने बघतील.