पेडल स्टील गिटार: पेडल सोडल्यावर सहावी तार उतरते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची गिटार, जिच्या तारा पाय-गुडघ्याने चढवता-उतरवता येतात) वाजवणारं कोणी आहे का? नसल्यास सतार, तानपुरा लावणाऱ्यांचं मतही हवं आहे, कारण भांडण शेवटी तारेशीच आहे.

मी ऑस्टिनला राहतो आणि एका कंट्री बँडबरोबर वाजवतो. वाद्य जुनं आहे: १० तारा, ई-नाइन्थ ट्यूनिंग (तारा ई च्या नाइन्थ कॉर्डवर लावलेल्या), ३ पेडल, ४ नी-लेव्हर (गुडघ्याने ढकलायच्या दांड्या), एमन्स मांडणी (पेडल डावीकडून ए, बी, सी).

सहावी तार जी-शार्प. बी पेडल दाबलं की ती ए वर चढते आणि तिथे चोख लागते. पेडल सोडलं की मूळ स्वराच्या ४-५ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली येऊन थांबते. याच तारेला नी-लेव्हरने एफ-शार्पवर उतरवून सोडलं, तर उलट किंचित चढलेली राहते. त्यामुळे बी पेडलनंतर मी लेव्हरला हलकासा धक्का देतो, की तार जागेवर येते. संथ गाण्यात हे निभतं, जलद चालीत पाय-गुडघ्याला तेवढी उसंतच नसते.

त्याच पेडलवर तिसरी तार, म्हणजे वरच्या सप्तकातला जी-शार्प, ए ला जाते आणि बिनचूक परत येते. म्हणून पेडलच्या थांब्यावर माझा संशय नाही. तारा नव्या आहेत, खुंटीवरचे वेढे घट्ट आहेत. चेंजरकडच्या (चेंजर म्हणजे तार ओढणारी-सोडणारी यंत्रणा) नायलॉनच्या ट्यूनिंग नट सैल करून पाहिल्या, फरक पडला नाही. मग दोष चेंजरमध्ये की रोलर नटमध्ये (खुंट्यांकडची पट्टी, जिथे तारा छोट्या चाकांवरून जातात), हे कसं ओळखायचं?

५ सेंटसाठी एवढा जीव का काढतो, असं कोणी विचारेल. जी-शार्प हा इथे ई चा गंधार. मी तो कानाने लावतो, तेव्हा तो ट्यूनरच्या काट्यापेक्षा सुमारे १४ सेंट खाली बसतो. तानपुरा नीट जुळला की खर्जातून आपोआप ऐकू येतो तोच हा गंधार, आणि त्याच्यासाठीच मी या वाद्याकडे वळलो. पण १४ खाली असताना जो गोड, तो आणखी ५ खाली गेला की सरळ बेसूर. त्यात शेजारी कीबोर्ड, ज्याचा गंधार ट्यूनरच्या काट्यावरच पक्का.

दुसरी शंका. ए आणि बी पेडल एकदम दाबली की चौथी ई, जिला कोणी ओढलेलंच नाही, ३-४ सेंट उतरते. ताण वाढला की खोकं किंचित वाकतं, हा कॅबिनेट ड्रॉप कमी-जास्त सगळ्याच वाद्यांत असतो. पण मग ई मुळातच थोडी चढी लावून तूट वाटून घ्यावी का?

प्रतिसाद:
तार ४-५ सेंट उतरलेली असताना रोलर नट आणि खुंटी यांच्यामधल्या तुकड्यावर बोटाने जरा दाब देऊन सोडा. स्वर जागेवर आला तर दोष नटचा. रोलर अडकला की पेडल सोडल्यावर पलीकडच्या तुकड्यात जास्तीचा ताण अडकून राहतो आणि वाजणारा भाग ढिला पडतो. लेव्हरने उतरवल्यावर याच्या उलट होतं, म्हणून तुम्हाला दोन्ही दिशांना फरक दिसतो. रोलरची खाच तारेच्या जाडीला अरुंद नाही ना, तेही बघा. दाबून काहीच बदल झाला नाही, तर चेंजरचं बोट थांब्याला पूर्ण टेकतंय का ते तपासा. तिथे जुनं तेल चिकटून बसतं.

ई मी २ सेंट चढी ठेवतो. आणि कीबोर्ड असेल तर गंधार १४ ऐवजी ८-१० वर आणतो.

धागाकर्ता:
मनापासून आभार! दाबून पाहिलं, स्वर लगेच वर आला. म्हणजे नटच. रोलर काढून स्वच्छ करतो, आसाला शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब देतो आणि इथे कळवतो. गंधार वर आणायला मात्र मन तयार होत नाही. कीबोर्डबरोबर वाजवणाऱ्या इतरांनीही सांगा, तुम्ही तो किती खाली ठेवता?