७७ मिमीचा एकच पोलरायझर आणि रिंगा, की प्रत्येक लेन्सला वेगळा?

घाटवाट
मंडळी, एक मित्र पोलरायझर (लेन्सपुढे लावून फिरवायचा, चकाकी कमी करणारा फिल्टर) घ्यायला निघालाय. त्याच्याकडे कॅननच्या तीन लेन्सा: ५० एफ १.८ एसटीएम, १८-५५ आणि १०-१८. त्यांचे फिल्टर बसवायचे आटे अनुक्रमे ४९, ५८ आणि ६७ मिमीचे. (५० एमएम ही फोकल लेंथ, आट्यांचं माप नव्हे, तरी त्या लेन्सला ५०चा फिल्टर मागणारे अजून भेटतात. लेन्सच्या कडेवर किंवा झाकणाच्या आत, काट मारलेल्या गोलापुढे असतो तो आकडा बघायचा.) तो तीन स्वस्त फिल्टर घेणार होता, मी थांबवलं. तीन सुमार काचांपेक्षा ७७ची एक उत्तम काच घ्यावी आणि बाकी काम स्टेप-अप रिंगांवर, म्हणजे लहान आट्यांवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या कड्यांवर, सोपवावं. रिंगेत काच नसतेच, त्यामुळे चित्राचा दर्जा उतरत नाही. पुढेमागे २४-१०५ एफ ४ किंवा ७०-२०० एफ २.८ घेतली तर त्यांनाही ७७च लागतो.

पाऊसपाणी
साफ असहमत. जुलैत ताम्हिणीत उभं राहून बघा. ५८च्या लेन्सवर ७७ची रिंग चढली की लेन्सचा हुड (पुढची आडोशाची कड) बसतच नाही. धबधब्याचे तुषार थेट काचेवर. रुमालाने पुसलं की धूसर पट्टा, तोवर पुढचा थेंब. आणि पोलरायझर तर आपल्याला पावसातच हवा असतो! ओल्या कातळावरची चकाकी गेली की खालचं शेवाळ जे हिरवंगार दिसतं, ते नंतर संगणकावर आणता येत नाही. हुड नसेल तर रिंगेचे वाचलेले पैसे काय कामाचे?

घाटवाट
थेंबांचं मान्य. पण हुड लावल्यावर पोलरायझर फिरवायला बोट कुठून घालता? दर वेळी हुड काढावाच लागतो. त्यापेक्षा फिल्टरच्या पुढच्या आट्यांत बसणारा रबरी हुड घ्या. तो फिरवला की पोलरायझरही फिरतो. फक्त उलटा फिरवू नका, हातात येईल.

कातळकडा
रिंगा मीही वापरतो, पण एकावर एक चढवू नका. मी ४९-५८, ५८-६७, ६७-७७ अशी उतरंड रचली होती. घरी आल्यावर मधली सुटेना. चिमटीत जितकी जोरात धरावी तितकी ती किंचित लंबगोल होते आणि आटे आणखी आवळतात. शेवटी बुटाच्या सपाट रबरी तळव्यावर रिंग टेकवली, वरून सारखा दाब दिला आणि लेन्स हलकेच फिरवली. सुटली. तेव्हापासून थेट ४९-७७च वापरतो. आणि उलट दिशेचा मोह टाळा. मोठ्या लेन्सवर लहान फिल्टर लावला तर वाइडला (रुंद दृश्य टिपताना) चारही कोपरे काळे होतात.

जुनीभिंग
मुळात ७७च का? या मित्राकडे ७७ची एकही लेन्स नाही! फिल्टर जितका मोठा तितका महाग आणि जड. शिवाय काही जुन्या १८-५५चा पुढचा भाग फोकस करताना स्वतःच फिरतो. आधीच पोलरायझरचा कोन बिघडतो, त्यात त्या नाजूक नळीवर ७७चं ओझं कशाला? सगळ्यात मोठी लेन्स ६७ची, तर ६७च घ्यावा. १०-१८वर तो रिंगेशिवाय बसेल, हुडासकट.

घाटवाट
हे पटलं. न घेतलेल्या लेन्सच्या हिशेबाने मी त्याला खर्चात पाडत होतो. ६७चा पोलरायझर आणि ४९-६७, ५८-६७ अशा दोन रिंगा. ६७चं एक जादा झाकणही लागेल, कारण रिंग चढवली की लेन्सचं मूळ झाकण बसत नाही. मात्र १०-१८वर निळं आकाश जपून घ्यायला सांगतो. सूर्यापासून ९० अंशांवर पोलरायझरचा असर सर्वाधिक, त्यामुळे वाइडमध्ये आकाशात मध्येच गडद पट्टा उमटतो.

पाऊसपाणी
६७ ठीक. पण १८-५५वर हुड अजूनही बसणार नाही. माझा ५८चा पोलरायझर पावसाळाभर त्या लेन्सवरच राहणार, आणि तो फिरवण्यासाठी हुड दहादा काढावा लागला तरी मी काढेन.