उ. द स्पेशल्सचा दुसरा अल्बम

द स्पेशल्स हा स्का, म्हणजे जमैकातून आलेलं नाचाचं संगीत, वाजवणारा इंग्लिश बँड. त्यांच्याबद्दलचं ‘दुसऱ्या अल्बममध्ये स्का संपला, निर्माता बदलल्यामुळे’ हे म्हणणं अर्धंच पटतं. १९७९चा पहिला अल्बम निर्माता एल्विस कॉस्टेलोने जवळपास मंचावर वाजतो तसाच ठेवला होता. १९८०च्या ‘मोअर स्पेशल्स’ची सूत्रं बँडचा कीबोर्डवादक जेरी डॅमर्स आणि ध्वनिमुद्रक डेव्ह जॉर्डन यांच्याकडे आली हे खरं, पण डॅमर्सला तेव्हा हॉटेलच्या लिफ्टमधल्या गुळमुळीत संगीताचं वेडच लागलं होतं! त्यातलं ‘स्टिरिओटाइप’ हे गाणं हेडफोनवर ऐका. स्कामध्ये एक-दोन-तीन-चारच्या मधल्या ‘आणि’वर गिटारचा खालून वर तुटक फटका येतो, तारा लगेच दाबून गप्प केलेल्या. इथे तो मागे सरकलाय, पुढे आहे यांत्रिक ठेका. तो जागचा हलत नाही, त्यामुळे नाचायची उसळीच जाते. मला तरी ते हवंहवंसं वाटतं. बँडच्या १९८१च्या ‘घोस्ट टाउन’ या गाण्याची वाट इथूनच निघते.